शिडी ज्याच्या घरी

कात्रीनताई गेल्या हे मला शिडी मागताना कळलं. झालं असं, की आमच्या हॉलमधला पंखा काही दिवस टक्... टक्... असा वाजत होता. दुपारी जेवून आडवं झालं की डोळा लागायच्या जरा अलीकडे तो आवाज कानात शिरायचा, आणि मी ना जागा ना झोपलेला, अशा कुठल्यातरी मधल्याच गावात अडकून पडायचो. सुनंदा, म्हणजे आमची बायको, "बघा की जरा त्याच्याकडे" असं सांगून सांगून थकली होती. त्या दुपारी तसाच अर्धवट गुंगीत फोन उचलला, शेजारच्या सांडोर गावी कात्रीनताईंच्या घरी लावला आणि पलीकडे कोण आहे हेही न विचारता नेहमीच्या सुरात सुरू झालो, "काय उमेदवार, लोकांची शिडी मोकळी आहे का?" पलीकडे बराच वेळ नुसता अंगणाचा आवाज. कोंबड्या, कुणीतरी सरकवलेली बाकं, दबक्या आवाजातलं बोलणं... मग त्यांची धाकटी जाऊ मर्सी म्हणाली, "शिडी आहे ओ परब. कात्रीन नाय. पहाटेच गेली." मी म्हणालो, "बरं." माणूस गेल्याचं ऐकून 'बरं' म्हणणारा या तालुक्यात मी एकटाच असेन. पण ताई असत्या तर हसल्या असत्या. माझ्या फजितीवर त्यांच्याइतकं मनापासून दुसरं कुणी हसलेलं नाही, आणि तसं पाहिलं तर आमची ओळखच मुळी माझ्या फजितीने झाली.

मी मूळचा मालवणकडचा. नोकरी मुंबईत, आणि निवृत्तीच्या आधी चार वर्षं इथे वसईत फ्लॅट घेतला तो 'हिरवागार परिसर, मुबलक पाणी' ही जाहिरात वाचून. परिसर हिरवागार होता, तो कात्रीनताईंचा आणि त्यांच्या शेजाऱ्यांचा होता. केळीच्या बागा, मोगऱ्याचे वाफे, पडवळाचे मांडव. पाणी मात्र टँकरने यायचं. ते कुठून येतं हे विचारायची आम्हाला गरज वाटली नव्हती. एका सकाळी मी अंगाला, डोक्याला साबण लावून उभा, आणि नळ आचके देत बंद झाला. खालून वॉचमन ओरडला, की सांडोरच्या वाटेवर एक बाई टँकरच्या आडवी बसली आहे. मी तसाच, कमरेला टॉवेल, वर बनियन, डोक्यावर फेसाचा टोप, अशा अवतारात स्कूटर काढून भांडायला गेलो. वाटेत खरंच एक बाई बसली होती. साठी ओलांडलेली, लहानखुरी, मांडीवर केळीच्या सोपटांच्या दोऱ्या, आणि टँकर समोर धुरकत असताना ती शांतपणे मोगऱ्याचे गजरे बांधत होती. मी नागरिकांचे हक्क वगैरे बोलायला लागलो तेवढ्यात फेस डोळ्यांत गेला. मग काही दिसेना. कुणीतरी माझा हात धरून मला चालवत नेलं, पायांना ओली माती लागली, रहाटाचा आवाज आला, आणि डोक्यावर एक बादली पाणी पडलं. त्यातलं थोडं तोंडात गेलं. खारं होतं.

"खारं लागलं?" बाई म्हणाल्या. "तुमचा टँकर यायला लागला तवापासून हे असं. माझ्या सासऱ्यांच्या वेळेला ह्या विहिरीचं पाणी लोकं प्यायला नेत होती." मी ओलाचिंब उभा होतो. केळीच्या पानांतून गाळून आलेला उजेड अंगावर हिरवा पडत होता. त्या उजेडात मला पहिल्यांदा उमगलं, की मी वर्षभर या बाईच्या विहिरीने आंघोळ करतो आहे. पुढे मी सगळ्यांना सांगायचो की ताईंनी मला बाप्तिस्मा दिला. त्या म्हणायच्या, "बाप्तिस्मा कसला, साबण धुतला."

महानगरपालिकेच्या निवडणुकीत त्यांचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा पाड्यातल्या लोकांनी त्यांना धरून उभं केलं. पक्ष नाही, पाठीशी कुणी नाही, मागणी एकच, की विहिरींतून उपसा थांबवा. अनामत रक्कम त्यांनी स्वतःची भरली. ती घराची कौलं बदलायला बाजूला ठेवलेली होती. घर जुनं कौलारू, आणि त्यांच्या खाटेच्या नेमकं वर एक जागा दर पावसाळ्यात गळायची. बाकी खर्चाला वर्गणी. दुधाच्या पावडरीचा एक मोठा डबा होता, त्याच्या झाकणाला भोक पाडलं, कुलूप लावलं. डबा ताईंच्या ओट्यावर, किल्ली माझ्याकडे. कारण तोवर मी स्वतःची प्रचारप्रमुख म्हणून नेमणूक करून घेतली होती. दुसरं कुणी नेमेना म्हणून.

चिन्ह मिळालं शिडी. मी म्हणालो, ताई, यापेक्षा सोपं चिन्ह नाही, एक खरी शिडीच मिरवू. वर्गणीतून अॅल्युमिनियमची घडीची शिडी आणली. बॅनर बांधायलाही उपयोगी पडणार होती. शेवटच्या आठवड्यात एका टेम्पोत ती उघडून उभी केली आणि तिच्या सगळ्यात वरच्या पायरीवर घोषणा द्यायला मी चढलो. टेम्पो चिंचेखाली थांबला होता. आता प्रचारप्रमुखाने वर चढण्याआधी टेम्पोवाल्याला तसं सांगावं की नाही? मी "कात्रीनताईंना..." असं म्हणालो, टेम्पो सुरू झाला, शिडी पुढे गेली, आणि मी चिंचेची फांदी धरून लोंबकळत "...प्रचंड मतांनी विजयी करा" हे वाक्य पूर्ण केलं. खाली ताई हसून हसून रस्त्यातच बसल्या. "परब," त्या ओरडल्या, "आपलं चिन्ह शिडी हाय, माकड नाय!" मग शिडी परत आणून मला उतरवलं. खाली ती धरली होती ताईंनीच. कुणीतरी हे सगळं मोबाईलवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ते वसई-विरारभर फिरलं, आणि दुसऱ्या दिवसापासून डबा भरू लागला. इमारतींतले लोक येऊन टाकून गेले. राजोडीहून पाड्यात मासळी विकायला येणारी कोळीण, जिचं मत या वॉर्डात नव्हतंच, तिनेही कनवटीची नोट टाकली. "आमच्याकडचं पानी पयल्यापासून खारंच," ती म्हणाली, "पन गोडं पानी खारं झालं तर मानसानं जायाचं कुठं?"

डबा भरला तेव्हा प्रचार संपायला एकच दिवस उरला होता. इतके पैसे खर्च करणार कशावर? जेवणावळी ताईंना चालत नव्हत्या, बाटल्यांचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. तेव्हा ताई पडल्या आणि पैसे उरले. लोकांनी पैसे माझं लोंबकळणं बघून दिले आणि मतं समोरच्या भाऊंना. अनामत तेवढी वाचली, ती परत मिळायला मात्र वेळ होता.

खर्चाचा हिशेब द्यायला आम्ही निवडणूक कार्यालयात गेलो तो दिवस मला अजून स्वच्छ दिसतो. टेबलाशी बसलेला तरुण क्लार्क भला माणूस होता. पावत्या बघितल्या, खूण केली, म्हणाला, "ताई, इथे सही. झालं." ताईंनी पेन हातातच धरलं. "आणि उरलेले?"

"उरलेले म्हणजे?"

"लोकांनी दिले, खर्च झाले नाय, ते कुठं लिहायचे?"

त्याने कागद उलटा केला, सुलटा केला. "त्याला रकाना नाहीये, ताई."

"मग ते कुणाचे?"

"तुमचेच की."

"माझे कसे? मी कुठं टाकले डब्यात?"

क्लार्कने माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी छताकडे. शेवटी तो म्हणाला, "खरं सांगू का? आजपर्यंत इथे आलेला प्रत्येक जण कमी पडले म्हणून सांगतो. उरले म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या. कुणी विचारलंच नाही तर नियम कोण करणार?" आम्ही बाहेर आलो. आवारात शिरीषाचं झाड होतं, त्याचे तंतू हवेत तरंगत होते. एक त्यांच्या केसांवर येऊन बसला. मग त्या म्हणाल्या, "सगळ्यांची आचारसंहिता निकालाला संपते, परब. आपली आता लागली बघा."

मी अर्थातच व्यवहारी सल्ले दिले. माझ्याकडे व्यवहार कमी आणि सल्ले जास्त, हा आमच्या घरचा जुना वाद आहे. म्हटलं, पुढच्या निवडणुकीला ठेवू. ताई मोगऱ्याच्या कळ्या निवडत होत्या. "पैसे राहिले तर तेच मला उभं करतील," त्या म्हणाल्या. "माझ्या मनात असो नसो. पैसे पडून हायत म्हणून कात्रीन उभी, असं नको." मर्सी म्हणाली, "मग छप्पर तरी कर. उशाशी बादली घेऊन झोपतेस. पाणी वाचवायला उभी राहिलीस, आणि पाणी तुझ्याच डोक्यावर." यावर ताई त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलल्या. ती बोली मला येत नाही. न समजणारी बोलणी जास्त लागतात हे मला त्या पाड्यातच कळलं. मर्सीचा चेहरा पडला एवढं खरं.

मग मुलीच्या बाळंतपणासाठी ताई पुण्याला गेल्या, आणि मागे आम्ही दोघं शहाणे उरलो. मी आणि मर्सी. आषाढ धरला होता. माझ्या घरात वर्गणीतून छापलेले प्रचाराचे मोठे फ्लेक्स गुंडाळी करून पडले होते. जाड, चिवट, पाणी न शिरणारे, आणि कुणाच्याही कामाचे नसलेले. मला कल्पना सुचली. मला कल्पना सुचते तेव्हा खरं तर घरातल्या माणसांनी मला खुर्चीला बांधून ठेवायला हवं. मर्सीने शिडी धरली, मी छपरावर चढलो, दोन कौलं फोडली, तरी गळती झाकेल असा एक अख्खा फ्लेक्स अंथरून कडेला विटा ठेवल्या. पाऊस थेंबभर आत येईना. मी खाली उतरून स्वतःची पाठ थोपटली. छपराचा मधला भाग रस्त्यावरून दिसतो, आणि मी फ्लेक्सची छापील बाजू खाली केली असली तरी कडेची निळी पट्टी आणि शिडीचं अर्धं चित्र दुमडून वर आलं आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

ताई परत आल्या त्या दुपारी ऊन पडलं होतं. प्रवासाने दमलेल्या, येऊन खाटेवर आडव्या झाल्या. मी आणि मर्सी कौतुक ऐकायला दाराशी उभे. त्यांनी डोळे मिटले, मग उघडले. फोडलेल्या कौलांच्या जागी, वरच्या उन्हाने उजळलेला, पाण्यातून दिसावा तसा, त्यांचाच भला मोठा चेहरा हात जोडून त्यांच्याकडे बघून हसत होता... वर एक कात्रीनताई, खाली एक. मग खालच्या हळूच म्हणाल्या, "मर्सी, मला वाटलं मी मेले. आणि वर जाऊन बघते तर स्वागताला पण मीच." आम्ही हसलो. त्याही हसल्या. मला वाटलं, निभावलं.

निभावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाववाला सायकल घेऊन आला. त्याच्याभोवती रोज सकाळी अर्धा पाडा जमतो. ताई पाव घेत होत्या. मी त्यांच्याकडे निघालो होतो, चार पावलांवर. कुंपणाला टेकलेले एक म्हातारे काका, ताईंच्या नात्यातलेच, छपराकडे हनुवटी करून म्हणाले, "कात्रीन पडली, पण तिचं छप्पर निवडून आलं." लोक हसले. वाक्य चांगलंच होतं, मीही ते विसरलेलो नाही. ताईंनी पाव पदरात घेतले आणि घराकडे वळल्या. त्यांचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही. निवडणूक हरल्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. पण त्या पाड्यात त्या सून म्हणून आल्या होत्या, तरुणपणी विधवा झाल्या होत्या, आणि एवढ्या वर्षांत "कात्रीनच्या हातात दिलं म्हणजे घरात ठेवलं" असं लोक म्हणत. त्यांच्याकडे तेवढंच होतं, आणि मी ते छपरावर विटा ठेवून दाबून टाकलं होतं.

घरी येऊन त्या म्हणाल्या, "परब, ते काढा." आभाळ पुन्हा भरून आलं होतं. मी म्हटलं, ताई, दोन कौलं फोडलीत मी, पाऊस सरळ आत येईल. "येऊ दे. पाऊस माझा स्वतःचा हाय." मी चढलो, त्यांनी शिडी धरली. फ्लेक्स निघाला आणि सर आली. खाट सरकवून कोपऱ्यात नेली, दोन बादल्या, एक पातेलं, एक परात मांडली. चारही भांड्यांचे चार सूर लागले. त्या आवाजात कोपऱ्यात बसून ताई म्हणाल्या, "तुमच्याकडं सणाची वर्गणी उरली तर काय करता?" म्हटलं, आमच्या सोसायटीत उरत नाही, गणपतीच्या आधीच भांडणं होतात. "आमच्याकडं क्रुसाच्या सणाला उरते," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनी मला तो नियम सांगितला.

पाड्याच्या तोंडाशी एक दगडी क्रूस आहे. वर्षातून एकदा त्याचा सण असतो. संध्याकाळी सगळे जमून प्रार्थना म्हणतात आणि उकडलेले चणे वाटतात. वर्गणी उरली तर ती पुढच्या वर्षाला ठेवायची नाही, कुणाच्या घरात राहू द्यायची नाही. पुन्हा चणे आणायचे, उकडायचे, आणि ज्यांनी दिली त्यांनीच खाऊन संपवायची. वर्गणी ज्याच्या घरी होती, त्याने मात्र खायचं नाही. त्याने वाढायचं, आणि सगळे खाईपर्यंत उभं राहायचं. "हे कुणी ठरवलं?" मी विचारलं. "कोण जाणे. आम्हाला कळायला लागलं तवापासून असंच." मी विचारात पडलो. सरकारी कागदावर जो रकाना नव्हता, तो या क्रुसापाशी कधीचा होता.

पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाल्यावर क्रुसापाशी चणे वाटले गेले. हरल्यानंतर गावजेवण देणारा उमेदवार मी तरी दुसरा पाहिलेला नाही. मोठमोठी पातेली, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, शेजारी वेलची केळ्यांचे घड, गुळाच्या ढेपी. पैसे संपेपर्यंत आणत राहिलो. इमारतींतले लोक आले, राजोडीची कोळीण आली. तिला चण्यांबरोबर फ्लेक्सची गुंडाळीही मिळाली, आणि त्यानंतर वर्षभर राजोडीच्या वाळूत ताईंच्या हसऱ्या चेहऱ्यावर सुकट वाळत होती. मी पान पुढे केलं तर ताईंनी माझ्या हातावर चापट मारली. "किल्ली कुणाकडं होती?" झालं. डबा त्यांच्याकडे, किल्ली माझ्याकडे, दोघांनाही उपास. मी त्या वाफेत, खोबऱ्याच्या वासात, हात मागे बांधून उभा राहिलो. सुनंदाने माझ्यासमोर उभं राहून दोन वेळा घेतलं, आणि दुसऱ्या वेळी "मस्त झालेत हो" असं मुद्दाम सांगितलं. पाववाल्याच्या सायकलीपाशी बोललेले काका आले तेव्हा ताईंनी त्यांचं पान शिगोशीग भरलं. त्यांनी पानाकडे पाहिलं, ताईंच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "तू नाय खात, कात्रीन?"

"डबा माझ्या घरी होता."

काकांनी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली आणि तिथेच, ताईंसमोर उभं राहून, एक एक चणा सावकाश खाल्ला. छपराचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही. गणपतीनंतर ताईंची अनामत परत आली, तेव्हा कौलं आली. कौलं चढवायला काकांनी आपली लाकडी शिडी स्वतः खांद्यावरून आणली.

हो, काकांची. कारण आमच्या शिडीचा प्रश्न शिल्लकच होता. चणे खाऊन संपवता येतात, शिडीचं काय करायचं? ताई म्हणाल्या, तोच नियम. शिडी लोकांची. ज्याला हवी त्याने न्यावी, आणून ठेवावी. ती ज्याच्या घरी, त्याने चढायचं नाही. तेव्हापासून ती त्यांच्या पडवीत भिंतीला टेकून उभी राहिली. सगळ्या पाड्याने तिच्यावर चढून आंबे काढले, घरं रंगवली, दिवे लावले. त्या स्वतः मात्र शेवग्याच्या शेंगा काठीने पाडायच्या. नाताळचा तारा लावायला मर्सीचं स्टूल आणायच्या, म्हणून पाड्यात सगळ्यात खाली टांगलेला तारा त्यांचा असे. लहान मुलांना तो हाताला लागायचा. एकदा निवडून आलेल्या भाऊंची माणसं भाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर लावायला शिडी मागायला आली. मी तिथेच होतो. मी म्हणालो, ताई, यांना नका देऊ. "का बरं?" त्या म्हणाल्या. "भाऊ पण लोकांतलेच की." आणि शिडी देऊन, रस्त्यापर्यंत जाऊन, ती माणसं वर चढली तेव्हा खाली धरून उभ्या राहिल्या. कुणीही चढलं तरी त्या धरायला जायच्या. चढायचं नाही हा नियम होता. धरायचं हे त्यांनी आपल्या मनाने त्यात घातलं होतं.

टँकर थांबले का? कमी झाले. पुढे आमच्या इमारतींना नळाचं पाणी आलं, विहिरींचा जीव थोडा सुटला. त्यांची विहीर अजून खारट लागते, पण मागच्या वर्षी ताईंनी मला एक ओंजळ चाखायला लावली होती. "बघा, जरा गोडं वाटतं का?" मला काही फरक कळला नाही. मी म्हटलं, "वाटतंय हो." त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की मला पुन्हा डोक्यावर साबण असल्यासारखं वाटलं.

शेवटची भेट त्या जाण्याआधी काही दिवसांची. खाटेवर होत्या, आवाज पार खोल गेला होता. वरची कौलं आता काळी पडली आहेत, त्यात एक काचेचं कौल बसवलेलं आहे, त्यातून उजेडाचा एक चौकोन खाली उतरून त्यांच्या पांघरुणावर हळूहळू सरकत होता. मी नेहमीप्रमाणे माझ्या ताज्या फजित्या सांगत होतो. त्या डोळे मिटून ओठांत हसत होत्या. मधेच म्हणाल्या, "शिडी कुणाकडं हाय?" मर्सी म्हणाली, पलीकडच्या घरी नेलीय, रंगकाम चाललंय. "आली का बघ." आम्ही बोलत राहिलो. जरा वेळाने पुन्हा, "आली का?" शेवटी मीच जाऊन आणली आणि पडवीत टेकवली, तो टेकवल्याचा ठण्ण आवाज आत ऐकू गेला. मी आत आलो तर त्यांना झोप लागली होती. उजेडाचा चौकोन पांघरुणावरून भिंतीवर चढला होता...

ताईंना जाऊन महिना झाला, त्या दिवशीच्या मिस्सेनंतर मर्सीने मला बाजूला घेतलं. तिचा मुलगा तिला आपल्याकडे विरारला नेतो आहे. घर बंद राहणार. "शिडी तुम्ही न्या, परब. प्रमुख तुम्ही होता." मी नाही म्हणणार होतो, पण पडवीतून शिडी उचलली. टेम्पो बोलावला. या वेळी मी ड्रायव्हरशेजारी बसलो. चिंचेखालून जाताना मान खाली घातली, तरी एक फांदी टपावर खरखरत गेली.

आता ती आमच्या बाल्कनीत उभी आहे. सोसायटीत सगळ्यांना सांगून ठेवलंय. परवा दुसऱ्या मजल्यावरच्या बाई पडदे लावायला घेऊन गेल्या. मी मागोमाग गेलो आणि खाली धरून उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही कशाला?" मी शिडी जरा घट्ट धरली. दुपारी मी हॉलमध्ये आडवा होतो. पंखा फिरतो, टक्... टक्... आणि त्या मधल्या गावात केळीच्या पानांतून हिरवा उजेड येतो. एक शिडी उभी असते, कशालाच न टेकलेली. तिच्या पायाशी ताई, दोन्ही हातांनी धरून. वर कोण आहे ते दिसत नाही.

"अहो," सुनंदा आतून म्हणते, "किती दिवस झाले, तो पंखा बघणार आहात का?"

"बघतो," मी म्हणतो. "कुठून तरी शिडी मिळू दे."